चांगल्या डोळ्यांचं औषध

लातूर जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीवरच्या त्या गावात पाण्याचा टँकर मात्र जुन्याच मर्जीनं येत होता. त्या दुष्काळात गुणाबाईच्या घरी एकच ओलं फडकं सगळ्या पोरांच्या तोंडावरून फिरायचं.

गुणाबाईला डोळ्यांची खुपरी लहानपणीच झालेली. पापण्या आत वळलेल्या, केस बुबुळाला घासायचे. शेजारीण ते चिमट्यानं उपटून द्यायची. एका डोळ्यानं तर दिसणंच बंद. आता नातीचे, शिवगंगेचे डोळे चिपडानं चिकटू लागले, तसं म्हातारीला वाटलं, पोरीचं बी असंच व्हायचं.

सरकारी नर्स सिंधुबाईनं घरोघर मलमाच्या नळ्या वाटल्या. सगळ्यांनी घालायचं, डोळे चांगले असले तरी, असं बजावलं. दुखणं न्हाई तिथं औषध? गुणाबाईनं घरातल्या साऱ्या नळ्या देवळीत लपवल्या आणि एकट्या शिवगंगेसाठी वापरल्या. पोरीचे डोळे निवळले. म्हातारी गल्लीत मान ताठ करून फिरली. पण पुढची अमावस्या यायच्या आत डोळे परत लाल.

गुणाबाईनं नर्सला दारातच अडवलं. "तुमचं मलम लबाड हाय. बरं करतंय अन् परत देतंय."

सिंधुबाईनं घरातल्या धाकट्या पोराची पापणी उलटली. आत बारीक दाणे. त्याला दुखत नव्हतं, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. त्याचाच रोग फडक्यावाटे बहिणीला परत लागला होता. फडकी वेगळी ठेवा म्हटल्यावर गुणाबाई उखडली, धुवायला पाणी तुम्ही आणता का म्हणाली. मग हळूच विचारलं, "अन् माझ्या पापण्या कशानं वळल्या?"

"रोग परत परत येतो, अंग त्याच्याशी परत परत झगडतं. त्या झगड्याचे वण पापणीला आत ओढतात."

म्हणजे अंगानं वाचवायला जाऊन डोळा घालवला? मग मलम कुणावर घालायचं, रोगावर का अंगावर?  रोगावर, सिंधुबाई म्हणाली, रोग गेला की अंग गप्प बसतं. गुणाबाईला अर्धं कळलं, अर्धं न्हाई.

दिवेलागणीला तिनं देवळीतल्या उरलेल्या नळ्या काढल्या आणि सगळं घर ओळीनं बसवलं. सून बसम्मा हसली, "आत्याबाई, माझे डोळे चांगले हायेत की."

"मला बी काही कळंना झालंय," गुणाबाई म्हणाली. "तू वर बघ."