फुटलेले मणी

१९९८ साल. मी पंचावन्नचा होतो. माझी न् धाकट्या भावाची द्राक्षबाग बांधाला बांध लागून, विहीर एकच, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. मी दुसरीच्या पुढं शाळा पाहिली नाही, पण बागेतलं सगळं त्याला मीच शिकवलं.

त्या वर्षी व्यापाऱ्यानं माझा मणी चाखला, "गोडी चांगली हाय" म्हणाला, आणि बांध ओलांडून धाकट्याच्या बागेत गेला तो तिथंच रमला. "साईझ इथं हाय, अण्णा. तुमचा मणी बारीक. आठवड्यानं येतो, तेव्हा बघू." धाकटा गालात हसला. ते हसू मला घासात खडा लागावा तसं लागलं.

गोडी भरत आली की आम्ही बागेचं पाणी तोडतो. माझं रान भेगाळलं होतं. पण आता मला मणी फुगवायचाच होता. माझ्या पाळीचं पाणी सोडलं, वर धाकट्याचीही पाळी मागितली.

"घे दादा. पण आता पाणी दिलं तर माल तडकंल."

माझा मणी मोठा झालेला याला बघवणार नाही, म्हणून सांगतोय, असं मला वाटलं. रान तुडुंब भरलं.

व्यापारी यायच्या दिवशी बघतो तर घडाघडात मणी फुटलेले, रस गळतोय, माश्या बसल्यात. धाकट्याची सून कॉलेज शिकलेली. असली सूनही त्यालाच मिळाली. ती बांधावरून म्हणाली, "अण्णा, मनुका पाण्यात टाकला की फुगतो ना? पाणी सालीतून साखरेकडं ओढलं जातं. तुमचा मणी साखरेनं भरलेला, त्यात वेलीला एकदम एवढं पाणी मिळालं. साल ताणून ताणून किती ताणंल?"

"म्हणजे माझा मणी गोड होता म्हणून फुटला?"

"गोड होता, आणि पाणी अवेळी दिलं म्हणून."

"पहिलं तेवढं व्यापाऱ्याला सांग."

मागून आमची मंडळी म्हणाली, "सांगंल ती. फुटका मणी घेणार कोण?"

संध्याकाळी व्यापाऱ्यानं धाकट्याशी सौदा केला. माझ्या बागेत पाऊलही टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याच्या बागेत तोडणी लागली. मी बांध ओलांडून गेलो, एक मणी तोंडात टाकला. मणी गोड होता. सगळ्यांदेखत म्हणालो, "पाणचट हाय," आणि घरी आलो.