कॉफी न पिण्याचं काम

मिथकालच्या मिशीवर निम्मं गाव विसंबून होतं. कुणाकडे मुलीला मागणी घालायला जायचं असो, की कुणाच्या गाडीखाली कुणाची शेळी आली म्हणून समेट करायचा असो, करकजवळच्या आमच्या गावातून जी मंडळी निघायची त्यांच्या पुढे मिथकाल हवाच. तसा हा जन्मभर नगरपालिकेचा पाण्याचा टँकर चालवलेला माणूस. बुद्धी, पैसा किंवा वक्तृत्व आपल्याकडे आहे असा संशय त्याने कधी कुणाला येऊ दिला नव्हता. पण डोक्यावर लाल चौकटींचा रुमाल, त्यावर काळी दोरी, अंगावर तपकिरी झगा आणि मधोमध ती मिशी, असा तो बैठकीत टेकला की यजमानाला आपण कुठल्यातरी जुन्या कर्जाने दबलोय असं उगाचच वाटायला लागे.

बोलायचं काम दुसऱ्याचं. मिथकालचं काम कॉफी न पिण्याचं. आमच्याकडे पाहुण्यापुढे कडू कॉफीचा चिमुकला कप येतो, आणि पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो कप तसाच समोर ठेवून देतो. मागणं मान्य झालं की यजमान म्हणतो, “प्या तुमची कॉफी.” मगच प्यायची. तोवर बोलणारा बोलतो आणि मिशीवाला कपाकडे पाहत गंभीर बसतो. मिथकाल बसण्यात पटाईत होता. त्या गांभीर्यातला बराचसा भाग पेंग होती, पण ती रुमालाच्या सावलीत खपून जायची.

आठ वर्षांपूर्वी ती खपली नाही. धाकटा भाऊ नहार याच्या मुलाला, राकानला, मुलगी मागायला सगळे गेले होते. दुपारची वेळ, भात आणि मटण गळ्यापर्यंत आलेलं, आणि बोलणाऱ्याने सुरुवात केली ती आदमपासून. बोलणारा नूहच्या तारवापर्यंत पोहोचला तेव्हा मिथकालला गाढ झोप लागली होती. मग एकदम काहीतरी झालं, तो दचकून जागा झाला, समोर कप दिसला आणि त्याने तो एका घोटात रिकामा केला. मुलीचं नावसुद्धा अजून निघालं नव्हतं. मुलीचा बाप पांढराफटक पडला. मागितलं काही नाही आणि कॉफी प्यायले, म्हणजे यांना मुलगी नकोच आहे, असा त्याचा अर्थ झाला. सोयरीक तिथेच मोडली.

“मला झोप लागली,” एवढं मिथकाल म्हणाला असता तर लोक आठवडाभर हसले असते आणि विसरले असते. तो म्हणाला नाही. मग गावाने स्वतःच कारण शोधून काढलं, की याला राकान आपल्या मुलीसाठी, मैसूनसाठी हवा होता (आमच्याकडे चुलत भावंडांची लग्नं होतात), म्हणून याने मुद्दाम घोट मारला. मिथकालने हे ऐकलं, आणि खरं सांगायचं तर त्याला आतून बरंच वाटलं. कारस्थानी माणसाला लोक उठून जागा देतात. बैठकीत घोरणाऱ्याला कोण देतो?

राकानने पुढे वर्षभरात दुसरीकडे लग्न केलं आणि तो सगळं विसरूनही गेला. नहार विसरला नाही. त्याचं अम्मानच्या मधल्या बाजारात मसाल्याचं दुकान होतं. तो तिथे बसला आणि भावाशी बोलायचा थांबला.

आता मैसूनला मागणी घालायला शुक्रवारी मंडळी येणार होती. मुलगा शिक्षक, घराणं चांगलं, मैसूनच्या मनातला. मुलीच्या बाजूने उत्तर द्यायचं म्हणजे काकाने द्यायचं, आणि शिवाय घरात बोलता येणारा माणूस नहार एकटाच. मिथकाल म्हणाला, आपल्या थोरल्या मुलाचे, हाकेमचे सासरे देतील उत्तर. मैसून भांडी घासत होती, ती हात पुसून समोर येऊन उभी राहिली.

“काका आले नाहीत तर मी नाही म्हणून सांगेन, बाबा.”

“वेडी आहेस का? तो मास्तर बिचारा दोन वर्षं वाट बघतोय.”

“आणि मी आठ वर्षं ऐकतेय. राकानसाठी माझ्या बापाने सोयरीक मोडली म्हणे. शाळेत ऐकलं, मेंदीत ऐकलं, मयतीत ऐकलं. शुक्रवारी काकांची जागा रिकामी दिसली तर मास्तरच्या आईला कोण सांगणार की ते खोटं आहे? तुम्ही?”

मिथकालने मिशीवरून हात फिरवला. या मुलीचं तोंड निकाह होईपर्यंत तरी बंद राहावं, एवढीच त्याची देवाकडे मागणी होती. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्याला सहन होत नव्हतं.

बुधवारी तो अम्मानला निघाला. “शुक्रवारसाठी बूट आणतो,” असं त्याने गावभर सांगितलं. बायकोने, म्हणजे हाकेमच्या आईने, उम्म हाकेमने, त्याच्या हातात जमीदची पिशवी दिली. दही आटवून, वाळवून केलेले ते दगडासारखे गोळे नहारला लहानपणापासून आवडायचे. बूट विकणाऱ्याला जमीद कशाला, हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. बसमध्ये त्या पिशवीचा वास सुटला तेव्हा शेजारच्या बाईने खिडकी उघडली.

मधल्या बाजारात तो उतरला आणि भावाच्या दुकानाकडे न जाता बरोबर उलट्या दिशेला लागला. माणूस शहर बघायला आला आहे, त्याने शहर बघायला नको? त्याने उसाचा रस प्यायला. मशिदीसमोरच्या कबुतरांना दाणे टाकले. रोमनांनी बांधलेल्या त्या दगडी पायऱ्यांवर बसून, एवढ्या पायऱ्या बांधणाऱ्यांना गुडघे नसावेत असं मत बनवलं. बोळात उभ्याने परातीतली गरम कुनाफा, ती चीज भरलेली शेवयांची मिठाई, खाल्ली, वरचा पाक मिशीला लागला, तो पुसताना त्याला समोरच्या आरशात एक म्हातारा दिसला आणि तो क्षणभर ओळखू आला नाही. अत्तरवाल्याने त्याच्या मनगटावर काहीतरी फवारलं, त्यामुळे आता जमीद आणि गुलाब असा मिश्र वास त्याच्याबरोबर फिरायला लागला. या खटपटीत तो समोरच्या फुटपाथवरून नहारच्या दुकानावरून तीनदा गेला, आणि तीनही वेळा त्याला पलीकडच्या पक्ष्यांच्या दुकानातल्या पोपटाबद्दल अचानक कुतूहल वाटलं.

मग बूट. बूटवाला गप्पिष्ट होता, त्याने आग्रहाने कॉफी मागवली. मिथकालने कप घेतला, आणि नहारला पहिलं वाक्य काय बोलायचं या विचारात तो तसाच समोर ठेवून दिला. बूटवाल्याचं बोलणं मध्येच थांबलं. त्याने कपाकडे पाहिलं, मिशीकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं.

“हाजी, काही काम होतं का?”

“नाही, बूट.”

“बूट तर आहेच. पण कॉफी?”

“होय होय,” मिथकाल म्हणाला आणि पुन्हा विचारात बुडाला.

बूटवाल्याला घाम फुटला. त्याच्या बहिणीचं लग्न ठरायचं होतं, आणि हा म्हातारा कुठल्यातरी घराण्याकडून तिला मागणी घालायला आलाय असं त्याने मनात धरलं. “हाजी, प्या. बूट घ्या तुम्ही खरेदीच्या भावात. बाकीचं काय असेल ते माझ्या थोरल्या भावाशी बोला, माझ्या हातात काही नाही.”

मिथकाल कॉफी प्याला आणि चावणारे बूट पायात घालून बाहेर आला. जन्मात पहिल्यांदा कुणी न बोलता त्याची मागणी मान्य झाली होती, तीही त्याने न केलेली. त्याला जरा हुरूप आला, आणि या हुरुपातच तो रस्ता ओलांडून नहारच्या दुकानात शिरला.

नहार वजनकाट्यामागे बसला होता. केस पांढरे झाले होते. त्याने वर पाहिलं, उठला, परक्याला मारावी तशी मिठी मारली.

“या अबू हाकेम. बसा. कसे आहात तुम्ही?”

तो ‘तुम्ही’ मिथकालला बुटापेक्षा जास्त चावला. तो स्टुलावर बसला, जमीदची पिशवी पुढे केली. नहारने ती घेतली, नाकाशी नेली, आणि बाजूला ठेवली. मग चहा मागवला.

चहा संपला तसा ज्येष्ठमधाचं सरबत आलं. ते संपलं तसा पुदिन्याचा काढा आला. मग खजूर, मग भाजलेल्या बिया, मग थंड पाणी. नहार अधूनमधून गिऱ्हाईक करत होता, हवापाण्याचं विचारत होता, आणि मागच्या फळीवर पितळी किटलीत कॉफी गरम होत होती ती जागची हलत नव्हती. मिथकालच्या हळूहळू लक्षात आलं. कॉफी दिली नाही, तर ती न पिता ठेवता येत नाही, आणि ती ठेवता आली नाही, तर काही मागता येत नाही. नहार लहानपणीही गोट्या खेळताना असाच लबाडी करायचा.

“तुझ्या दुकानात कॉफी नाही का?”

“आहे की. तुम्हाला रात्री झोप लागणार नाही, या वयात.”

“मला झोपेचं सांगू नकोस.”

हे वाक्य तोंडातून गेलं, आणि त्याच्या पाठोपाठ मिथकालने ते केलं जे आमच्याकडे कुणी पाहुणा करत नाही. तो उठला, वजनकाट्याला वळसा घालून आत गेला, किटली उचलली, स्वतःच्या हाताने कप भरला, परत येऊन बसला, आणि तो कप काट्याच्या तबकाशेजारी ठेवला. वेलदोडे घ्यायला आलेली एक बाई तोंडावर हात धरून बघत राहिली.

“हे काय?” नहार म्हणाला. “लोक काय म्हणतील? पाहुणा स्वतः ओतून घेतोय.”

“म्हणू देत.”

“आणि बोलणारा कुठे आहे तुमचा? तुम्ही तर कधी बोलत नाही. कोण बोलणार?”

मिथकालने आजूबाजूला पाहिलं. मसाल्याच्या गोण्या होत्या, वेलदोडेवाली बाई होती, आणखी कुणी नव्हतं.

“शुक्रवारी मैसूनला मागायला येणार आहेत,” तो म्हणाला. “तू आला नाहीस तर ती नाही म्हणणार आहे. तिला वाटतं... गावाला वाटतं, राकानच्या वेळी मी मुद्दाम प्यालो. मी मुद्दाम नाही प्यालो नहार. मला झोप लागली होती. मी बसल्या बसल्या झोपतो. तीस वर्षं झोपतोय. मला लाज वाटली म्हणून मी सांगितलं नाही, आणि पोरीला त्याचं भोगावं लागलं. बस.”

एवढं लांब तो आयुष्यात प्रथमच बोलला होता. आता भाऊ हसेल, किंवा बाहेर काढेल, यांपैकी काहीही चाललं असतं. नहारने यातलं काही केलं नाही. त्याने बाईला वेलदोडे तोलून दिले, ती गेली तसं दुकानाचं एक दार ओढून घेतलं आणि खाली बघत बसला.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“तुला झोप लागली होती ते. मी तुझ्याशेजारीच बसलो होतो ना. तू घोरायला लागलास. आता सगळे ऐकतील म्हणून मीच तुला कोपर मारलं. जोरात मारलं. तू दचकलास आणि गट्ट केलंस.”

मिथकालने नकळत आपली बरगडी चाचपली.

“घरी गेल्यावर उम्म राकान विचारायला लागली, तुझ्या भावाने असं का केलं? मी कोपर मारलं म्हणून, असं कसं सांगणार? पोराची सोयरीक बापानेच मोडली? मग कुणीतरी म्हणालं तू मुद्दाम केलंस. मी गप्प बसलो. एकदा गप्प बसलो, मग तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने येणार होतो? तू झोपेत होतास रे दादा. मी जागा होतो.”

मिथकालला राग यायला हवा होता, आणि तो त्याने मनापासून शोधला. आठ वर्षं, दरवर्षीच्या दोन ईद आणि मधल्या सगळ्या मयती त्याने भावाविना काढल्या होत्या. पण पुढ्यात बसलेला हा पांढऱ्या केसांचा माणूस नाक ओढत होता, आणि मिथकाललाही डोळे पुसायला रुमालाचं टोक पुढे घ्यावं लागलं.

“पोरीला सांगशील?” त्याने विचारलं.

“सगळ्यांसमोर सांगेन. मास्तरच्या आईसमोर, उम्म राकानसमोर. मग घरात माझं काय व्हायचं ते होऊ दे.” नहारने कप त्याच्याकडे सरकवला. “पी तुझी कॉफी.”

कॉफी केव्हाच गार झाली होती आणि भयंकर कडू लागत होती. मिथकालने ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

“शुक्रवारी तू माझ्याशेजारीच बस,” तो म्हणाला. “पण त्यांचा बोलणारा फार लांबण लावतो असं ऐकलंय. मला लागली झोप तर?”

“लागू दे,” नहार म्हणाला. “या खेपेला मी उठवणार नाही.”