दुखणं दाढेचं नव्हतं

आईची पहिली दाढ काढायला दातांचा डॉक्टर तयार नव्हता. त्यानं एक्स-रे पाहिला, दाढ शाबूत आहे म्हणाला. पण वडील ऐकेनात. घास चावला की आई उजवा गाल धरून जागच्या जागी थिजायची. तोंडावर पाणी मारलं, पदर नुसता लागला, तरी जबड्यातून हनुवटीपर्यंत करंट बसल्यासारखी कळ जायची. एवढं दुखतंय म्हणजे दाढ किडलीच असणार, असं त्यांचं ठाम मत. दाढ निघाली, कळ तशीच. मग शेजारचीही काढायची ठरली. तेव्हा त्यांनी करमाडहून मला फोन केला होता, आणि शाळेतल्या कामाच्या गडबडीत मीही ‘काढून टाका’ म्हणून मोकळी झाले. तीही निघाली, कळ राहिलीच.

पुढं आईनं बोलणंच सोडलं. ओठ हलले की कळ यायची, आणि वडिलांना वाटायचं, ती रुसली आहे. शेवटी मी दोघांना शहरात, गारखेड्यात माझ्याकडं आणलं आणि आम्ही वेदनेवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. आईच्या गालाला हात लावायची सोय नव्हती, म्हणून बाईंनी वडिलांच्याच चेहऱ्यावर बोट फिरवून समजावलं. कानाच्या पुढं, कवटीच्या आत एक नस असते. रक्ताची नव्हे, जाणिवेची. तिला तीन फाटे. एक डोळ्याकडं आणि कपाळाकडं, एक गालाकडं, तिसरा खालच्या जबड्यात शिरून दाढांना शाखा देत हनुवटीशी बाहेर येतो. बिघाड नसेच्या मुळाशी होता, दुखत मात्र दाढेत होतं.

“म्हंजी दाढा चांगल्या व्हत्या?” वडिलांनी विचारलं.

बाई हो म्हणाल्या.

गोळ्यांनी आईला चक्कर यायची, एकदा ती मोरीत पडली. मग सुईचा उपचार ठरला. ओठाच्या कोपऱ्याशेजारून गालात सुई घालायची, पडद्यावर बघत कवटीच्या तळातल्या छिद्रापर्यंत न्यायची आणि तिसरा फाटा तेवढा तापवून बधिर करायचा. डोळ्याचा फाटा बधिर झाला तर डोळ्याला इजा होते, म्हणून मधे पेशंटला जागं करून चुणचुण कुठं होते ते विचारतात.

उपचार झाला त्या दुपारी दवाखान्यातल्या खाटेवर आईनं आम्हाला ते सगळं सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती गाल न धरता बोलत होती.

“बाईनं इचारलं, चुणचुण कुठं होती. म्या म्हणलं, दाढंत. जी काढली ना, तिच्यात.”

तिला त्याची गंमत वाटत होती. वडील उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले तर ते जिन्यात भिंतीकडं तोंड करून उभे. मीही हो म्हटलं होतं, असं मी म्हणाले.

“तू फोनवर व्हतीस,” ते म्हणाले. “म्या समोर बसलेलो. डॉक्टर नको म्हणत व्हता.”

मला मनात कुठंतरी हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

कळ थांबली. खालचा ओठ उजवीकडं बधिर राहिला. तिथून चहा ओघळतो ते आईला कळत नाही, वडील पुसतात. कवळी बसवायला ती तयार आहे, वडीलच दवाखान्याची पायरी चढत नाहीत. गेल्या दिवाळीत ते अर्ध्या जेवणावरून उठायला लागले, तेव्हा तिनं माझ्यादेखत त्यांना अडवलं.

“दाढा माझ्या गेल्या. तुमी का उपाशी उठता? बसा.”

ते बसले. मान खाली घालून त्यांनी भाकरी मोडली आणि आधी तिच्या दुधात कुस्करली.