पाळीवरचा लाल दगड

चामोर्शीकडच्या एका तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गोकुळा ढिवरीण ज्या दगडावर मासोळ्यांची खवलं काढायची, त्याच दगडावर दोन हजार साली देऊळ उभं राहिलं. हंगामाची पहिली मासोळी कापली की तिचं रक्त त्या दगडाला फासायचं, ही ढिवरांची जुनी रीत. तो लाल दगड एका सकाळी सरपंचाच्या नजरेला पडला आणि देवी कुंकू लावून पाण्यातून वर आली, असं त्यानं गावभर केलं.

पहिल्या जत्रेत भोंग्यावर तीच कथा चालली होती. खवलं घासून दगडाला पडलेल्या खळग्यातलं तीर्थ लोक डोळे मिटून पीत होते. गोकुळा आपला दगड बघायला पुढं झाली. तेवढ्यात पुजारी तिला म्हणाला, "बाई, दूर हो. देवीले मासोळीचा वास चालत नाई."

"काऊन? आतापर्यंत तर माह्याच हातचं खाल्लं तिनं," गोकुळा म्हणाली आणि पायरीखाली थुंकून निघाली.

पुढच्या हंगामात तिनं पलीकडच्या पाळीवर नवा दगड मांडला. पहिल्या मासोळीचं रक्त फासलं, हात जोडले आणि दगड चिखलात पालथा घातला. या देवीवर तरी कोणाची नजर पडायला नको होती.