भागाबाईंच्या मांड्या

पांझरेकाठच्या आमच्या गावात भागाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ प्रमिलाबाई यांची दारं समोरासमोर होती, आणि बोलणं बंद होऊन बारा वर्षं झाली होती. भागाबाईंच्या बेबीला चोपड्याचं चांगलं स्थळ आलं होतं. प्रमिलाबाईंनी त्या लोकांच्या कानावर घातलं की मुलीला फिट येतात. फिट कधीच येत नव्हती. स्थळ गेलं, पुढचीही गेली. शेवटी बेबीला धुळ्यातल्या देवपूरच्या एका बिजवराला द्यावं लागलं, पदरात दोन सावत्र मुलं घेऊन. त्या दिवसापासून भागाबाई वाट बघत होत्या.

सत्त्याण्णव साली त्यांच्या छातीत दुखायला लागलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्तातली चरबी कमी करायची गोळी सुरू केली. ती त्या रोज नेमानं घ्यायच्या. पुढे दिवाळीनंतर पोटावर गजकर्ण उठलं, तेव्हा गावातल्या डॉक्टरानं पंधरा दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. आधीच्या गोळीचं त्यानं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

त्याच दिवसांत प्रमिलाबाईंच्या मुलीचा, कुंदाचा, नशिराबादच्या मुलाशी घरीच साखरपुडा झाला. भाऊबंदांत वाईट दिसायला नको म्हणून भागाबाईंनाही जेवणाचं बोलावणं आलं. त्या गेल्या, भरीत-पुरी खाल्ली, मुकाट्यानं परत आल्या. चार दिवसांनी त्यांच्या मांड्या भरून आल्या. बसलं की उठता येईना. पाण्याची कळशी कमरेवर ठरेना. अंग मोडून काढल्यासारखं दुखायचं, ताप मात्र नव्हता.

त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. जावेनं भरितात काहीतरी घातलं, एवढंच मनात पक्कं बसलं. आणि खरं सांगायचं तर, दुखण्यापेक्षा त्या विचारानं त्यांना जास्त बळ आलं. बारा वर्षं हवं होतं ते हाती लागलं होतं.

तशा पायांनी त्या निघाल्या. एसटीच्या पायऱ्या चढताना कंडक्टरनं हाताला धरून वर घेतलं. धुळ्याहून जळगाव, तिथून दुसऱ्या गाडीनं नशिराबाद. रस्त्यात दोनदा बसून, भिंतीचा आधार घेत त्यांनी मुलाचं घर गाठलं. मुलाच्या आईनं, लताबाईंनी, चहा ठेवला. भागाबाईंनी चहाला हात लावला नाही. लुगडं सावरून स्वतःच्या मांड्या दाबून दाखवल्या, जावेच्या भरितानं हे झालं म्हणून सांगितलं आणि म्हणाल्या, "सोयरीक करा, पन त्या घरनं पानी पेऊ नका."

आठ दिवसांत साखरपुड्यात लताबाईंना दिलेली साडी आणि मुलाला घातलेली अंगठी परत आली. समोरच्या दारात कुंदा रडत होती, ते भागाबाईंनी ओट्यावर बसून ऐकलं. उठून घरात गेल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी त्यांना लघवी काळ्या चहासारखी झाली. शेजाऱ्यांनी देवपूरला निरोप धाडला, बेबी रिक्षा घेऊन आली आणि त्यांना डॉक्टर गिरासेंच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, सलाइन लावलं, आणि घरातली सगळी औषधं मागवली. गोळीची पट्टी आणि कॅप्सूलची रिकामी डबी शेजारी ठेवून त्यांनी समजावलं. चरबीची गोळी हृदयाला चांगलीच. रक्तवाहिन्यांच्या आतली सूजही ती कमी करते असं आता दिसू लागलंय. पण काही माणसांच्या स्नायूंना ती बाधते. त्यात या कॅप्सूलमुळे ती अंगातून बाहेर पडेना, रक्तात साठत गेली. स्नायू झिजून त्यांचा अंश लघवीत उतरला. अजून चार दिवस गेले असते तर किडन्या गेल्या असत्या. या पायांनी कुठे लांब गेला होता का, असंही त्यांनी विचारलं.

बेबीला नशिराबादचं गावातून कळलंच होतं. डॉक्टर गेल्यावर ती खाटेजवळ बसली. "माय, त्या लोकांना खरं काय ते कळव. मी पत्र लिहिते, तू अंगठा दे."

"तुन्हासाठे कोन गयं व्हतं?" भागाबाई म्हणाल्या.

"कोणी नाही गेलं. म्हणून तर सांगते."

भागाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. काळी लघवी पाच दिवसांनी निवळली, पाय सुधारायला दोन महिने लागले. गावी परतल्यावर प्रमिलाबाई दारात आल्या, आत न येता. बेबीनंच त्यांना गोळीचं सांगितलं होतं.

"अक्का, आता तरी एकदा नशिराबादला चला," त्या म्हणाल्या.

"तू चोपड्याले गयती का?"

प्रमिलाबाईंनी मान खाली घातली. तशाच रस्ता ओलांडून घरी गेल्या. भागाबाईंना वाटलं होतं, हे बघून जीव थंड होईल. तो झाला, हे त्या आम्हाला पुढे कितीदा तरी सांगत.

बेबीनं पत्र लिहिलं, आपल्याच सहीनं. पण तोवर मुलाचं दुसरीकडे ठरलं होतं. कुंदाचं लग्न दोन वर्षांनी शिरपूरकडे झालं. बेबी त्या लग्नात वाढायला उभी होती. आईकडे मात्र ती दोन उन्हाळे आली नाही. भागाबाईंनी निरोप पाठवला की हे सगळं तुझ्यासाठीच केलं. तिनं उलट निरोप दिला, की ते माझ्या नावावर लावू नकोस.