लोरेनबाईंची पट्टी

उपासना गजभियेच्या आवाजावरून तिच्या घरात जेवढी चेष्टा झाली, तेवढी तिच्या भावाच्या लग्नातसुद्धा झाली नाही. नागपूरला इंदोऱ्यात ती वाढली. फोन तिनं उचलला की पलीकडून आत्या हमखास विचारायची, "काय रे, बाबा आहे का घरी?" आणि उपासना आपल्या त्या जाड्याभरड्या आवाजात सांगायची, "आत्या, मी उपासना बोलून राहिली." आत्याला दर वेळी नव्यानं हसू यायचं. शाळेत गाण्याच्या बाईंनी तिला मागच्या ओळीत उभं करून बजावलं होतं, तू नुसते ओठ हलव. तिनं ते दहावीपर्यंत इमानेइतबारे केलं. लहान पोरीला असं काही सांगणाऱ्या माणसांना मी तरी माफ करत नाही. पण उपासना राग धरणारी नव्हती, एवढंच.

गाणं मात्र तिच्या घरात होतं. वडील ज्ञानदेव दिवसा विजेच्या खांबांवर चढायचे आणि संध्याकाळी वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की गाणाऱ्या बाईंच्या घशाला उसंत नसायची. एका मंडपातून उठायचं आणि दुसऱ्या मंडपात बसायचं. उपासना पेटीच्या शेजारी मांडी घालून बसायची, त्यामुळे लोकांना न दिसणारी एक गोष्ट तिला दिसायची. बाईंची ठरलेली पट्टी होती काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी. पण दोन कार्यक्रम झाले, आवाज फाटायला लागला, की तिसऱ्या मंडपात ज्ञानदेव कुणाला न विचारता सूर द्यायचे तो अर्ध्या सुरानं खालच्या पांढरी सहाचा. बाई नुसती एकदा त्यांच्याकडे बघायची आणि गायला लागायची.

"बाबा, आज तुम्ही पट्टी खाली घेतली ना?" तिनं एकदा घरी येताना विचारलं.

"कुठं घेतली?" ज्ञानदेव म्हणाले. मग थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "पोरी, गाणाऱ्याची अब्रू पेटीवाल्याच्या बोटात असते. ते बोलून दाखवायचं नसते."

पुढे उपासना शिकली, अमेरिकेला आली, बॉथेलमधल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागली. लग्न झालं, टाउनहाउस झालं. गाणं तेवढं ओठ हलवण्यापुरतंच राहिलं. आणि मग एका संध्याकाळी किराण्याच्या दुकानात रांगेत उभी राहून ती आईशी फोनवर बोलत होती, तेव्हा मागच्या म्हाताऱ्या बाईनं तिच्या खांद्यावर टकटक केलं.

"माफ कर, पण तू बेस आहेस," ती बाई म्हणाली. "आम्ही दोन वर्षं तुला शोधतोय."

या लोरेनबाई. सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर शाळेची बस चालवलेल्या, आणि बोलताना समोरच्याला गप्प बसवायची सवय बसमध्येच लागलेल्या. त्यांची चार बायकांची चौकडी होती, बार्बरशॉप गाणारी. या गाण्यात वाद्य एकही नसतं. चौघी चार वेगळे सूर धरतात. चाल असते लीडकडे, म्हणजे लोरेनबाईंकडे. तिच्या वर टेनर, मधल्या फटी बुजवायला बॅरिटोन, आणि सगळ्यांच्या तळाशी बेस. बायकांत खरा बेस सहसा सापडत नाही. ज्या आवाजानं उपासनाला जन्मभर मागच्या ओळीत ठेवलं, त्या आवाजावर इथे तीन बायका उभ्या राहणार होत्या. पहिल्या तालमीत चौघींचे सूर नेमके जुळले आणि डोक्याच्या वर कुठेतरी पाचवा सूर वाजला. तो कुणीच गात नसतं. सूर चोख लागले तरच तो येतो. उपासना त्या रात्री गाडीत बसून रडली, आणि ते आनंदाचं रडणं होतं.

तिला आणखी एक काम मिळालं. सुरुवातीचा सूर देण्यासाठी बिस्किटाएवढी एक गोल पिपाणी असते, पिच पाइप म्हणतात तिला. कडेला भोकं असतात आणि प्रत्येक भोकाचा सूर ठरलेला. ती फुंकणारीच्या हातात सगळं गाणं असतं. लोरेनबाईंनी ती उपासनाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुझे कान माझ्यापेक्षा बरे आहेत." पेटीवाल्याच्या पोरीला याहून मोठा मान कोणता मिळणार होता?

आता त्या शनिवारची गोष्ट. स्पोकेन शहरात बार्बरशॉप चौकड्यांचं कन्व्हेन्शन, म्हणजे संमेलन होतं. स्पर्धा आदल्या दिवशी आटपल्या होत्या आणि संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांसाठी शो होता. शेवटून दुसरा नंबर यांचा. लोरेनबाई गेली कित्येक वर्षं जे गाणं गात होत्या, दूरवर गेलेल्या माणसासाठी घरचा दिवा चालू ठेवणाऱ्या बाईचं, तेच त्या गाणार होत्या. त्या गाण्याच्या शेवटी लीडला एक उंच सूर धरून ठेवावा लागतो. बाकीच्या तिघी खाली-वर फिरत राहतात आणि लीड खांबासारखी उभी. हॉलमधल्या अर्ध्या बायका केवळ तेवढ्यासाठी बसून राहणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुपारी हॉटेलच्या खोलीत तालीम झाली आणि लोरेनबाईंचा तो सूर फाटला. परत घेतला, परत फाटला. तिसऱ्यांदा त्या मध्येच थांबल्या आणि पाणी प्यायल्या. टेनर गाणारी अनिका खाली आपल्या बुटांकडे बघत बसली. ती अमेरिकेतच फ्रीमाँटला जन्मलेली, बॉथेलला नोकरीला आलेली मराठी मुलगी, उपासनाला मावशी म्हणायची. बॅरिटोनवाल्या पामनं खिडकी उघडली, कारण नसताना.

"अर्धा सूर खाली घेऊ या का?" उपासनानं विचारलं. "आजच्यापुरतं. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल," लोरेनबाई म्हणाल्या. "हे गाणं ज्या दिवशी खाली घ्यावं लागेल, त्या दिवशी मी गाणं सोडेन. हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं, आता तुलाही सांगते."

आणि त्या सांगितलेलं करणाऱ्या बाई होत्या. वरच्याच पट्टीत गायलं तर हजार लोकांसमोर बाईंचा आवाज फुटणार. खाली घेतलं तर बाई गाणं सोडणार, आणि बाई गेल्या की चौकडी संपली. मग परत मागची ओळ आणि ओठ हलवणं.

संध्याकाळी पडद्याआड उभ्या असताना अनिका तिच्या कानाशी आली. "मावशी, आय ॲम सो स्केअर्ड. लोरेन त्या नोटला क्रॅक झाली तर?"

"नाही होणार. तू तुझं गा."

"पण हाउ डू यू नो?"

उपासनानं ठरवून टाकलं होतं. अंधारात बोटांनी चाचपून तिनं पाइपच्या नेहमीच्या भोकाच्या शेजारचं, अर्ध्या सुरानं खालचं भोक शोधलं आणि खुणेसाठी त्याच्या बाजूला अंगठा दाबून धरला. काळी पाचची पांढरी सहा. बाबांनी केलं तेच. बाई एकदा बघतील आणि गातील. अर्ध्या सुरानं तिचा स्वतःचा तळ थोडा खोल जाणार होता, पण तेवढा तिच्या आवाक्यात होता.

नाव पुकारलं गेलं. टाळ्या सुरू झाल्या आणि चौघी निघाल्या. तेवढ्यात लोरेनबाईंनी तिचा उजवा हात धरला. त्यांनी आजवर कधी कुणाचा हात धरला नव्हता. तळवा गार होता आणि पकड घट्ट. पाइप त्याच हातात होता, म्हणून उपासनानं तो चालता चालता डाव्या हातात घेतला, अंगठा परत बसवला आणि दिव्यांच्या झोतात येऊन उभी राहिली. पाइप फुंकताना त्याच्याकडे बघायचं नसतं, लोकांना ते दिसू नये म्हणतात. तिनं हात तोंडाशी नेला आणि फुंकलं.

चौघींनी सूर गुणगुणून धरला आणि उपासनाच्या कानांनी चूक लगेच पकडली. हात बदलताना अंगठा आणखी एक भोक सरकला होता. ही पांढरी सहा नव्हती, काळी चार होती. पूर्ण एक सूर खाली. आणि तेव्हा कुठे तिला उमगलं की ती बाबांच्या पेटीच्या हिशेबानं चालली होती. पेटीवर पट्टी खाली घेतली तर कुणाचं काही जात नाही, पेटीला खाली कितीतरी पट्ट्या असतात. इथे खालची पट्टी ती स्वतःच होती. गाण्याच्या शेवटी तिला ज्या सुरावर उतरायचं होतं, तो आता तिच्या गळ्यात नव्हता. तालमीत नाही, न्हाणीघरात नाही, सर्दी झालेली असतानासुद्धा तो कधी लागला नव्हता.

लोरेनबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. एकदाच. त्यांना कळलं होतं. पामलाही कळलं असावं, कारण तिच्या भुवया वर गेल्या. परत फुंकायची सोय नव्हती. हजार माणसं गप्प बसली होती. लोरेनबाईंनी समोर तोंड केलं आणि पहिला शब्द टाकला.

गाणं सुरेख चाललं होतं, हीच तर पंचाईत. लोरेनबाईंचा आवाज मोकळा झाला होता, दुपारची करकर कुठल्या कुठे गेली होती. पुढच्या रांगेतल्या बायका माना डोलावत होत्या. उपासना हसऱ्या चेहऱ्यानं गात होती, कारण गाताना हसायचं असतं, आणि आतून तिला शेवटचा तो खालचा सूर तेवढा दिसत होता. दुसरं कडवं संपलं. आता उरला होता फक्त शेवट. तिनं बाईंना न विचारता त्यांची अब्रू हातात घेतली होती, आणि आता तिच्यामुळेच ती जाणार होती. तळ नसेल तर वर धरलेला सूर कितीही चांगला असो, उघडा पडतो. लोकांना वाटलं असतं, बाईंचंच काहीतरी चुकलं.

लोरेनबाईंनी वरचा सूर घेतला. स्वच्छ लागला. हॉलमध्ये कुणीतरी जोरात श्वास घेतल्याचं ऐकू आलं. अनिका वर गेली, पाम आत वळली, आणि उपासना एकेक सूर खाली उतरायला लागली. ओळखीचा शेवटचा सूर आला आणि मागे गेला. तिला ढकलावंसं वाटलं, जोर लावावासा वाटला. लोरेनबाई तालमीत शंभरदा ओरडल्या होत्या, खालचा सूर ढकलला की मरतो, त्याला फक्त जागा द्यायची. तिनं खांदे सोडले, जबडा सैल केला आणि जे होईल ते होऊ दिलं.

सूर कसला, छातीत नुसती घरघर झाली. तिची तिलाच ऐकू आली नाही. मेले, असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी डोक्याच्या वर, दिव्यांच्याही वर, पाचवा सूर वाजला. तळ लागल्याशिवाय तो वाजत नाही. लोरेनबाईंनी आपला सूर सोडलाच नाही. टाळ्या त्याच्यावरच सुरू झाल्या आणि लोक उभे राहिले.

पडद्याआड आल्याबरोबर पाम म्हणाली, "आपण होतो कुठे? ही आपली पट्टी नव्हती."

"माझं बोट सरकलं," उपासना म्हणाली. हे खरं होतं आणि पुरतं खरं नव्हतं, म्हणून तिनं लोरेनबाईंकडे बघितलं आणि म्हणाली, "एक भोक सरकलं. दुसरं मी मुद्दाम घेतलं."

लोरेनबाईंनी पर्स उचलली आणि निघून गेल्या. अनिका हळूच म्हणाली, "मावशी, शी लुक्ड सो मॅड." उपासनाला वाटलं, आपण मार खाल्ला असता तर बरं झालं असतं. बाबांच्या वेळची ती बाई पुढच्या मंडपात परत यायची. ही येणार नव्हती.

शोनंतर हॉटेलच्या लॉबीत सगळे जमतात आणि जिथे जागा मिळेल तिथे उभं राहून गातात, तशी तिथली रीत. विनय, उपासनाचा नवरा, कॉफी घेऊन आला आणि "काय मस्त झालं यार" म्हणाला. तिनं नुसतं हं केलं. तेवढ्यात लोरेनबाई लिफ्टमधून बाहेर आल्या. अंगात कोट होता. उपासनाला वाटलं, निघाल्या. पण लोकांनी त्यांना घेरलं. परत म्हणा, तो शेवट परत म्हणा, सगळ्या बाजूंनी एकच घोषा लागला. लोरेनबाईंनी पामला आणि अनिकाला हाक मारली. मग सरळ उपासनापाशी आल्या आणि हात पुढे केला.

"पाइप दे."

तिनं दिला. आता तो कधी परत मिळणार नाही, हे तिनं मनाशी धरलं. लोरेनबाईंनी पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पाइप दिव्याकडे धरून कडेची अक्षरं वाचली. नेहमीचं भोक त्यांच्या बोटाखाली आलं, त्याच्या शेजारचं आलं. त्या पुढे सरकल्या आणि त्याच्याही पुढचं भोक धरलं. मग भोवती जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बसमधल्या आवाजात म्हणाल्या, "ऐका. हे गाणं यापुढे आम्ही इथून म्हणतो. माझ्याच्यानं आता वर होत नाही."

कुणी हसलं नाही. लोरेनबाईंनी फुंकलं. काळी चार.

उपासनाचे डोळे भरून आले. बाबांनी जे जन्मभर कुणाला बोलून दाखवलं नाही, ते ही बाई भर लॉबीत स्वतःच्या तोंडानं बोलून गेली होती, आणि तिचं काहीही गेलं नव्हतं.

"तुझं काय?" लोरेनबाईंनी पाइप तिच्या हातात परत ठेवत विचारलं. "खाली पोचशील ना?"

"मघाशी पोचले होते."

"मघाशी नशीब होतं," लोरेनबाई म्हणाल्या. "आता रोज पोचावं लागेल."

उपासनानं पाइप खिशात टाकला, खांदे सैल सोडले आणि आपला सूर धरला.