बाकावरची जागा

शेर्विकमध्ये गुनव्होर लिंडालच्या तोंडून स्वतःबद्दल बरा शब्द ऐकलेला माणूस अजून भेटायचा आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं चारशे पोरांना जेवू घालून ती निवृत्त झाली, तेव्हा निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापिका म्हणाली की गुनव्होर मनानं फार हळवी आहे. ऐकणारे सगळे मान खाली घालून कॉफी ढवळत राहिले. स्वीडनमध्ये सगळेच एकमेकांना एकेरीत बोलतात, अगदी मंत्र्यालासुद्धा. त्यामुळे एखाद्याची किंमत काढायची तर ती आवाजातूनच काढावी लागते. गुनव्होरला तो आवाज जन्मजात होता.

नवरा तिनं कधीच घराबाहेर काढला होता, शेजाऱ्यांशी ती हिवाळ्यात बोलत नसे आणि उन्हाळ्यात टाळत असे. जे काही प्रेम शिल्लक होतं ते सगळं तिनं गावच्या बायकांच्या फुटबॉल संघाला दिलं होतं. सव्वीस वर्षं ती या संघाचे कपडे सांभाळत होती. सुरुवातीला त्या पोरींना खडीचं मैदान होतं आणि सरावाची वेळ म्हणजे पुरुषांचं सगळं आटोपल्यावर जी उरेल ती. गुडघ्यात घुसलेली खडी चिमट्यानं काढणं हेसुद्धा कपडेवालीचंच काम धरलं जाई. कुणाला मोजे घोट्यापाशी कापून लागतात, कोण सामन्याआधी उलटी करते, गोठलेल्या जमिनीवर कुणाच्या बुटाला कुठले खिळे लावायचे, हे तिला पाठ होतं. प्रत्येकीच्या नंबराच्या दोन जर्सी ती सामन्याला नेत असे. एक अंगावर, दुसरी घडी करून बाकाखालच्या पेटीत. ती दुसरी कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून ती पेटी ती पायाशी धरून बसे.

गावात पुरुषांचाही संघ आहे. तो चौथ्या श्रेणीत खेळतो आणि तिथूनही घसरायच्या बेतात असतो. पण मैदानाखाली बर्फ वितळवणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या त्यांच्याच, दिव्यांचे खांब त्यांचे, आणि दर सोमवारी हरल्याची कारणं सांगायला वर्तमानपत्रातली अर्धी जागाही त्यांचीच. बायकांनी देशाची लीग जिंकली त्याच हिवाळ्यात पुरुषांच्या क्लबला एकाएकी पाझर फुटला. एका बैठकीत, केक कापून, दोन्ही क्लब एक झाले. अध्यक्ष झाला टोर्केल ब्रेनस्ट्रॉम. हा बर्फावरच्या स्कूटर विकतो आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. बायकांचा एकही सामना त्यानं तोवर पुरता पाहिला नव्हता, हे गुनव्होर पैजेवर सांगत असे आणि पैज घ्यायला कुणी पुढे येत नसे.

त्याच मोसमात संघ युरोपच्या स्पर्धेत गेला आणि सगळ्यांची बोटं तोंडात जातील असं खेळत बाद फेरीत पोचला. उपांत्यपूर्व फेरीत समोर जर्मनीचा एक श्रीमंत क्लब होता, ज्याच्या एका राखीव गोलरक्षिकेच्या पगारावर शेर्विकची सगळी टीम जगली असती. पहिला सामना जर्मनीत झाला, एक-एक असा बरोबरीत सुटला. गुनव्होर तिथं नेहमीप्रमाणे बाकाच्या टोकाला बसली होती. खेळ तिला फारसा दिसत नसे, कारण ती सगळा वेळ पोरींच्या पायांकडे बघत असे. जगात ही एकच जागा अशी होती जिथं बसून ती कुणालाही तुच्छ मानत नसे. दुसरा सामना मार्चमध्ये, शेर्विकमध्ये, पुरुषांच्या त्या गरम नळ्यांवर व्हायचा होता. आपल्याच गावात, त्या बाकावर बसायचं, एवढीच तिची इच्छा होती आणि ती इच्छा आहे असं तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

सामन्याच्या चार दिवस आधी टोर्केलनं तिला क्लबच्या खोलीत बोलावून कॉफी दिली आणि पुढ्यात दालचिनीचा पाव ठेवला. पाव बघताच गुनव्होरनं ओळखलं, कारण या गावात वाईट बातमी पावाशिवाय देत नाहीत.

"किती वर्षं राबतेयस तू," टोर्केल म्हणाला. "या वेळी जरा आरामात बसून मॅच बघ."

"कुठं बसून?"

"स्टँडमध्ये, अगदी मधोमध. घोंगडी देऊ, थर्मास देऊ."

"आणि बाकावर कोण?"

टोर्केलनं स्वतःच्या पावाचा तुकडा मोडला. बाकावर मोजक्याच जागा असतात, त्यांची नावं आधी कळवावी लागतात, टीव्हीवाले येणार आहेत, अध्यक्ष संघाजवळ दिसला तर गावाला बरं वाटेल, असं सगळं त्यानं सावकाश सांगितलं. मग म्हणाला, "प्रशिक्षकाला कागद लागतो, डॉक्टरला कागद लागतो. कपड्यांच्या जागेला तसं काही लागत नाही ना."

"नाही," गुनव्होर म्हणाली. "त्याला काही लागत नाही."

प्रशिक्षक मारिटनं फोन करून विरोध केला. टोर्केल तिला म्हणाला, बघू या. हा शब्द इथं नकाराऐवजी वापरतात. गुनव्होरनं भांडण केलं नाही. ज्याची लायकी नाही त्याच्याशी भांडायचं नाही हा तिचा बाणा, आणि तिच्या मते गावात भांडायच्या लायकीचं कुणी नव्हतंच. तिनं पेन्सिलीनं दोन पानं लिहून दिली: कुणाला काय, कधी, कुठल्या पेटीत. टोर्केलनं ती घडी करून खिशात घातली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

सामन्याच्या दिवशी चौफेर बर्फाचे ढीग आणि मधोमध हिरवंगार मैदान. तीन हजार माणसं आली. शेर्विकमध्ये एवढी माणसं एका जागी शेवटची जमली होती ती कारखाना बंद पडला तेव्हा. गुनव्होर घोंगडी न घेता बसली, थर्मास तिनं शेजारच्या अनोळखी बाईला देऊन टाकला. वीस मिनिटं झाली असतील, तेव्हा तिचं लक्ष चार रांगा खाली पाहुण्यांच्या जागेकडे गेलं.

पाहुण्यांनी जाड कोटांवरून जर्सी चढवल्या होत्या. नगरपालिकेचे लोक, बँकेचा माणूस, जाहिरातदार, टोर्केलची बायको. पाठीवर नंबर, बाहीवर स्पर्धेचं चिन्ह. गुनव्होरनं एकेक नंबर वाचला. तिच्याच घड्या होत्या त्या, पेटीतल्या. त्या शहाण्या टोर्केलला नव्याकोऱ्या जर्सींची भरलेली पेटी दिसली आणि त्यानं ती भेटवस्तू समजून वाटून टाकली होती. पुरुषांच्या क्लबात पाहुण्यांना जर्सी वाटायची पद्धत आहे. हरणाऱ्या संघाला तेवढीच करमणूक.

खाली जाऊन सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मारिट बाकापाशीच उभी होती. गुनव्होर जागची हलली नाही. तिच्या मनात आलं, लागू दे त्याला एक जर्सी, लागू दे सगळ्या टीव्हीसमोर, आणि या विचारानं तिला जी ऊब आली ती घोंगडीनं आली नसती. मध्यंतराच्या आधी शेर्विकनं गोल केला. सगळे उठले, तीही उठली. मग पुन्हा बसून ती टोर्केलकडे बघत राहिली.

सत्तराव्या मिनिटाला कर्णधार इल्वा सांदीन चेंडू डोक्यावर घ्यायला उडाली आणि जर्मन पोरीचं कोपर तिच्या नाकावर बसलं. रक्त हनुवटीवरून छातीवर आलं. डॉक्टरनं नाकात बोळे घालून ते थांबवलं, पण रक्ताचा कपडा घालून मैदानात पाऊल टाकता येत नाही. इल्वानं जर्सी उतरवली आणि बाकाकडे हात केला. टोर्केलनं पेटी उघडली. मग दुसरी उघडली. मग तो उभा राहिला आणि खिसे चाचपू लागला, जणू चार नंबरची जर्सी खिशात निघणार होती. एका राखीव पोरीनं आपली काढून दिली, तर चौथ्या पंचानं मान हलवली. नंबर इल्वाचाच हवा.

दहा जणींनी खेळ चालू ठेवला. दोन मिनिटं, तीन मिनिटं. इल्वा आतल्या बनियनवर, बर्फाच्या हवेत, रेषेबाहेर उभी. टोर्केलचा चेहरा गुनव्होरला हवा होता तसाच झाला होता, आणि ती तो पोटभर बघत असतानाच जर्मन पोरींनी इल्वाच्या मोकळ्या जागेतून येऊन गोल केला.

एक-एक. दोन्ही सामने मिळून दोन-दोन. हा गोल टोर्केलनं खाल्ला होता, हे खरंच होतं. पण विसाव्या मिनिटापासून गप्प बसून तो गुनव्होरनंही खायला घातला होता, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. ही भावना तिच्या सवयीची नव्हती.

ती उठून खाली गेली. चार नंबर होता रूने हेग्लुंडच्या अंगावर. हा नगरपालिकेच्या क्रीडा समितीचा प्रमुख, पोरींचं खडीचं मैदान बदलून द्या या अर्जावर पंधरा वर्षं झोपलेला. जर्सी त्याच्या कोटावर आणि पोटावर ताणून बसली होती, एका हातात सॉसेज होतं.

"काढ ते, रूने."

"काय?"

"अंगावरचं. वर हात कर."

रूनेनं हात वर केले, सॉसेजसकट. शाळेत त्यानं तिच्या हातचं खाल्लं होतं, तेव्हाची सवय असेल. जर्सी डोक्यात अडकली, मागच्या रांगेतल्या दोघांनी ओढायला मदत केली, आणि गळ्यापाशी मोहरीचा पिवळा ठिपका उमटला. मोहरीबद्दल नियमात काही नाही.

ती पायऱ्या उतरून रेषेपाशी पोचली तर चौथ्या पंचानं तिला हातानं थांबवलं. तरुण पोरगी होती, सभ्य होती, तिनं कागद काढून दाखवला. गुनव्होरचं नाव यादीत नव्हतं. यादीबाहेरच्या माणसानं खेळाडूपाशी जायचं नाही. कपड्यांपुढे नाव होतं टोर्केल ब्रेनस्ट्रॉम. तो धापा टाकत आला, गुनव्होरच्या हातातून जर्सी घेतली, तिच्याकडे न बघता वळला आणि इल्वाकडे धावला. कॅमेरे त्याच्यावर होते. हे त्याच्या लक्षात आलं, कारण शेवटची चार पावलं त्यानं पोट आत घेऊन टाकली.

शेवटच्या मिनिटांत शेर्विकला कोपऱ्यावरून चेंडू मिळाला. इल्वानं उडी मारली म्हणून दोन जर्मन पोरी तिच्यावर गेल्या, आणि चेंडू तिसरीच्या पाठीवर आपटून जाळ्यात गेला. गोल काही सुंदर नव्हता. शेर्विक उपांत्य फेरीत पोचलं. लोक रडले, गाडीचे भोंगे वाजवत गावात फिरले. गुनव्होर स्टँडखालच्या धुलाईच्या खोलीत गेली, इल्वाची रक्ताची जर्सी बादलीत थंड पाण्यात टाकली, पाणी दोनदा बदललं आणि घरी गेली.

सकाळी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर टोर्केलचा फोटो होता. जर्सी हातात, कपाळावर घाम. खाली लिहिलं होतं की अध्यक्षांच्या प्रसंगावधानानं सामना वाचला. गुनव्होर धुलाईच्या खोलीत पोचेपर्यंत इल्वाचाही फोन आला होता. नाक सुजल्यामुळे ती गेंगाणी बोलत होती. ती पहिली जर्सी, रक्ताची, धुऊन ठेव म्हणाली, किरुना शहरात राहणाऱ्या आजोबांना पाठवायची आहे, त्यांनीच तिला पहिला चेंडू दिला होता.

थोड्या वेळानं टोर्केल स्वतः आला. या वेळी पाव नव्हता, तेव्हा बातमी चांगली असावी असं गुनव्होरला क्षणभर वाटलं. वाटलं याचा तिला नंतर फार राग आला.

"तुझे आभार मानायला आलो," तो म्हणाला. "तू पळालीस म्हणून झालं."

"उपांत्य फेरीची यादी कधी जाते?"

"गेली." तो दाराच्या चौकटीला टेकला. "बाक तोच ठेवलाय. जिंकलो ना आपण त्या बाकावर. अशा वेळी काही हलवायचं नसतं, गुनव्होर, तुला तर हे माहीत असेल."

गुनव्होरनं हात पुसले. तिनं वाचवलेल्या सामन्यानं तिची जागा कायमची घालवली होती, आणि हे त्या माणसाला कळलंसुद्धा नव्हतं. त्याला कळून त्यानं केलं असतं तर तिला त्याच्याबद्दल थोडा तरी आदर वाटला असता.

"मग कपडेही तूच धू," ती म्हणाली. "कपड्यांपुढे तुझंच नाव आहे."

तो हसला. मग ती हसत नाही हे बघून त्यानं बाह्या सारल्या. आपण साधे आहोत, कुठल्याही कामाला हात घालतो, असं दाखवायची त्याला हौसच होती. "एवढं काय अवघड आहे त्यात," म्हणत तो बादलीपाशी वाकला. पाणी फिक्या गुलाबी रंगाचं झालं होतं, डाग सुटत आला होता, आणखी एका पाण्यात निघाला असता.

"थंड पाण्यात काय निघणार?" टोर्केल म्हणाला. त्यानं बादली उपडी केली, जर्सी आत टाकली आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला.

गरम पाणी लागलं की रक्त धाग्यात कायमचं बसतं. गुनव्होरला हे सव्वीस वर्षं ठाऊक होतं. वाफ वर आली, टोर्केल साबणाची पूड शोधू लागला. एक शब्द पुरला असता, आणि तो तिच्या जिभेवर आलाही होता. तिनं कोट घातला. इल्वानं विचारलं तर जर्सी टोर्केलनं धुतली असं ती सांगणार होती, आणि ते काही खोटं नव्हतं.